क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन : किलोमीटरच्या आधी पिढी पाहा

भारतात कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या बांधणीने साध्या मोटारीच असतात. बोलेरो किंवा स्कॉर्पिओमध्ये खाली शिडीसारखी भक्कम चासी असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सेल्टॉस यांना अशी वेगळी चासी नसते. तळ, खांब आणि छत एकत्र जोडून झालेले पत्र्याचे एकच कवच सगळा भार घेते. हॅचबॅक आणि सेदान अशाच बनतात. त्याच बांधणीवर उंच बसणारी, रुंद चाकांची, रुबाबदार बॉडी चढवली की क्रॉसओव्हर तयार होतो. २०१२ मध्ये आलेली रेनॉ डस्टर ही लोगन सेदानच्या तळावर उभी होती आणि २०१३ मधली फोर्ड इकोस्पोर्ट फिएस्टाच्या. बहुतेकींत ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. जमिनीपासूनची उंची मात्र खरी असते: क्रेटा १९० मिमी, नेक्सॉन २०८ मिमी. खड्डे, गतिरोधक आणि गावाकडचा कच्चा रस्ता यांसाठी ती पुरेशी असते. चिखलातून किंवा नदीच्या पात्रातून गाडी बाहेर काढण्यासाठी नुसती उंची कामाची नाही.

या गाड्यांचे आकार अभियंत्यांइतकेच अर्थखात्यानेही ठरवले आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. तेव्हापासून ३९९५ मिमी हा भारतीय गाड्यांचा लाडका आकडा झाला. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सॉनेट या सगळ्या तिथेच येऊन थांबतात. क्रेटा आणि सेल्टॉस ४ मीटरहून लांब, म्हणजे वरच्या वर्गातल्या. जीएसटीतही हीच रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० टक्के असे दोनच दर उरले आणि उपकर गेला. यात एक गंमत आहे. ब्रेझा लांबीने छोटी असली तरी तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे आहे. त्यामुळे ती क्रेटाच्याच ४० टक्क्यांत मोडते, तर नेक्सॉन पेट्रोल असो वा डिझेल, १८ टक्क्यांत बसते.

जुन्या गाडीच्या बाजारात या बदलाचे परिणाम थेट दिसतात. छोट्या पेट्रोल गाडीवरचा कर २९ टक्क्यांवरून १८ वर आला, म्हणजे १० लाखांची गाडी साधारण ८५ हजारांनी स्वस्त झाली. क्रेटा-ब्रेझाचा दर ४५ वरून ४० वर आला, त्यामुळे तिथे तेवढ्याच किमतीमागे फरक जेमतेम ३५ हजारांचा. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीनेही खाली यायला हवे. ‘मी इतक्याला घेतली होती’ असे सांगून सप्टेंबर २०२५ पूर्वीच्या किमतीवर हिशेब मांडणाऱ्या विक्रेत्याला हे आकडे दाखवावेत.

आता पिढीचा मुद्दा. गाडीचे नाव तेच राहते, पण आतली गाडी दोन प्रकारे बदलते. फेसलिफ्टमध्ये दिवे, बंपर, डॅशबोर्ड, सीटचे कापड, कधी इंजिनही बदलते. मूळ कवच तेच राहते. नवी पिढी येते तेव्हा कवच, तळ, सस्पेन्शनचे बिंदू, बहुतेक वेळा इंजिन आणि वायरिंगही नवे असते. जाहिरातीत दोन्हींना ‘ऑल न्यू’ म्हणायची पद्धत असल्याने घोटाळा होतो. २०२३ ची नेक्सॉन पाहून कोणालाही ती नवी पिढी वाटेल, कारण बाहेरून आणि आतून तिचे रूप पालटले आहे. प्रत्यक्षात तिचा सांगाडा २०१७ च्या नेक्सॉनचाच. २०२२ मध्ये ब्रेझाच्या नावातून ‘विटारा’ गेले आणि सनरूफ आले, पण लांबी ३९९५ मिमी आणि दोन चाकांमधले अंतर २५०० मिमी जसेच्या तसे राहिले. सांगाडा जुना असणे हा दोष नव्हे. सात-आठ वर्षे रस्त्यावर वावरलेल्या सांगाड्याचे रोग मेकॅनिकला पाठ झालेले असतात आणि सुटे भागही सहज मिळतात. फक्त, फेसलिफ्टला नव्या पिढीचे पैसे मोजू नयेत.

क्रेटावरून हा फरक नीट समजतो. पहिली क्रेटा जुलै २०१५ मध्ये आली. तिच्यात १.४ आणि १.६ लिटरची डिझेल इंजिने होती आणि १.६ लिटरचे पेट्रोल. त्यातले १.६ डिझेल १२८ पीएस ताकदीचे होते. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढणारे हे इंजिन आजही जुन्या बाजारात नाव टिकवून आहे. मे २०१८ मध्ये फेसलिफ्ट झाली. मार्च २०२० मध्ये दुसरी पिढी आली तेव्हा १.६ ची दोन्ही इंजिने गेली आणि ११५ पीएसची १.५ लिटरची पेट्रोल व डिझेल इंजिने आली. सोबत १४० पीएसचे १.४ टर्बो पेट्रोल. टर्बो सोडल्यास ताकद कमी झाली, पण चाकांमधले अंतर २५९० वरून २६१० मिमी झाले आणि डिकी ४०२ वरून ४३३ लिटर. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाहेरून काहीही न बदलता सर्वांत महत्त्वाचा बदल झाला: सहा एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आणि मागचे डिस्क ब्रेक बेस मॉडेलपासून मिळू लागले. त्याच सुमारास १.४ टर्बो बंद झाले. जानेवारी २०२४ च्या फेसलिफ्टमध्ये १६० पीएसचे १.५ टर्बो आणि समोरच्या गाडीचे अंतर ओळखून ब्रेक लावणारी एडीएएस यंत्रणा आली.

याचा अर्थ असा की जानेवारी २०२३ मध्ये आणि जून २०२३ मध्ये बनलेल्या दोन क्रेटा शेजारी उभ्या केल्या तर दिसायला सारख्या असतील, किलोमीटरही सारखे असतील, आणि तरी खालच्या मॉडेलमध्ये एकीत दोन एअरबॅग तर दुसरीत सहा असतील. जुन्या बाजारात दोन्हींवर ‘२०२३ मॉडेल’ अशीच पाटी लागते. म्हणून गाडी पाहताना वर्षावर न थांबता महिना विचारावा. तो आरसीवर छापलेला असतो.

ब्रेझाचे टप्पे इंजिनावरून पडतात. मार्च २०१६ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंत ती फक्त डिझेलवर चालली. तिच्यातले १.३ लिटर इंजिन मूळ फिआटचे. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत ते बसले की त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणण्याची प्रथा पडली. प्रमाणपत्रावर २४.३ किलोमीटरचे मायलेज होते. प्रत्यक्षात हायवेवर २० मिळाले तरी लोक खूश असत. या इंजिनाचे काम न येणारा गॅरेजवाला महाराष्ट्रात सापडणे कठीण. मात्र २०१६-१७ च्या खालच्या मॉडेलमध्ये शेजारच्या सीटची एअरबॅग ऐच्छिक होती, हे पाहून घ्यावे. फेब्रुवारी २०२० मध्ये मारुतीने डिझेल सोडले आणि १.५ पेट्रोल आणले. त्या गाडीचे ऑटोमॅटिक चार गिअरचे आहे. जून २०२२ च्या गाडीत सहा गिअर आले आणि मार्च २०२३ मध्ये सीएनजीही. ऑटोमॅटिक हवी असेल तर २०२२ नंतरचीच घ्यावी; चार गिअरची गाडी हायवेवर सतत ओरडल्यासारखी चालते.

नेक्सॉन रांजणगावला बनते, त्यामुळे पुणे-नगर रस्त्यावर तिचे नवेपण कोणाला फारसे जाणवत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ती बाजारात आली. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत तिला चार तारे मिळाले. मग सुधारणा करून डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे, आणि हे तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली गाडी ठरली. पुढे जानेवारी २०२० मध्ये बीएस-६ इंजिनांसह फेसलिफ्ट, सप्टेंबर २०२३ मध्ये दुसरी फेसलिफ्ट आणि सहा एअरबॅग, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या, जास्त कडक नियमांनुसार पुन्हा पाच तारे. लहान मुलांच्या सुरक्षेत २०१८ च्या गाडीला तीनच तारे होते, २०२४ च्या गाडीला पाच.

या ताऱ्यांची भाषा समजून घेणे गरजेचे आहे, कारण विक्रेता ती गाडीच्या नावाला चिकटवतो, तर चाचणी एका विशिष्ट वर्षाच्या विशिष्ट मॉडेलची झालेली असते. २०२२ च्या मध्यापर्यंत ग्लोबल एनकॅपचा भर ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून होणाऱ्या टकरीवर होता. त्यानंतरच्या नियमांत बाजूची टक्कर, खांबाला बाजूने बसणारी धडक, स्टॅबिलिटी कंट्रोल आणि पादचाऱ्यांचे संरक्षणही आले. ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. म्हणजे २०१८ चे पाच तारे आणि २०२४ चे पाच तारे एकाच तराजूत घालता येत नाहीत. विटारा ब्रेझाला २०१८ मध्ये प्रौढांसाठी चार तारे मिळाले, महिंद्रा एक्सयूव्ही ३०० ला २०२० मध्ये पाच, त्याच वर्षी सेल्टॉसला तीन. दोन एअरबॅगच्या क्रेटाला २०२२ मध्ये तीन तारे मिळाले आणि तिचे कवच अस्थिर असल्याचा शेरा पडला. एअरबॅग वाढवल्याने कवच आपोआप मजबूत होत नाही. २०२४ च्या फेसलिफ्टमध्ये सांगाडा मजबूत केल्याचे कंपनीने सांगितले, ते याच टीकेनंतर.

गाडी कोणत्याही कंपनीची असो, भारतात दोन तारखा ओलांडल्या की तिचे आयुष्य बदलते. पहिली १ एप्रिल २०२०. त्या दिवशी प्रदूषणाचे बीएस-६ नियम सुरू झाले. डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर मार्गात काजळी अडवणारा फिल्टर आला. हा डीपीएफ अधूनमधून स्वतःला तापवून काजळी जाळतो, आणि त्यासाठी गाडी थोडा वेळ एका लयीत, हायवेच्या वेगाने चालावी लागते. रोज घर ते शाळा आणि शाळा ते भाजी मंडई एवढीच फिरणारी बीएस-६ डिझेल गाडी फिल्टर तुंबवून घेते. डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दुर्लक्ष केले तर खर्च मोठा होतो. दुसरी तारीख १ एप्रिल २०२३. तेव्हापासून प्रदूषणाची मोजणी प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावरही होऊ लागली आणि नव्या पेट्रोल गाड्यांच्या नळ्या, सील, पंप हे २० टक्के इथेनॉल सहन करतील असे बनू लागले. आता पंपावर ई-२० पेट्रोलच मिळते. त्यापूर्वीची गाडी घेतल्यास मायलेज थोडे कमी मिळेल हे गृहीत धरावे आणि इंधनाच्या रबरी नळ्या, गॅस्केट तपासून घ्यावेत. जुन्या गाडीवर खूप पैसे घालायची तयारी असेल तर एप्रिल २०२३ नंतर बनलेली, दोन-तीन वर्षे एकाच हातात राहिलेली गाडी हा आजच्या बाजारातला सर्वांत शहाणा सौदा आहे. पहिल्या मालकाने किमतीची मोठी घसरण सोसलेली असते आणि नियमांच्या दृष्टीने गाडी अजून आजचीच असते.

डिझेल घ्यावे का, याचे उत्तर भावनेने देऊ नये. समजा, पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे. पेट्रोल गाडी शहर-हायवे मिळून १३ किलोमीटर देते, डिझेल १८. मग पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये आणि डिझेलचा ५ रुपये. नवी डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल तर ती रक्कम वसूल व्हायला ५० हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ८००-९०० किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाची त्यात पाच वर्षे जातात, आणि डीपीएफची डोकेदुखी वेगळी. महिन्याला दोन हजार किलोमीटर करणाऱ्या फिरत्या व्यावसायिकाला डिझेलच परवडते. सीएनजीत इंधन स्वस्त पडते, पण ब्रेझाच्या सीएनजीत सिलिंडर डिकी खाऊन टाकतो. नेक्सॉनमध्ये दोन छोटे सिलिंडर खाली बसवल्याने बॅगांना ३२१ लिटर जागा उरते. जुनी सीएनजी गाडी घेताना सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी दाब चाचणी झाली आहे का, ते त्याच्या पट्टीवर पाहावे.

गिअरबॉक्सच्या बाबतीत ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळी यंत्रे विकली जातात. एएमटी म्हणजे साध्या गिअरबॉक्सला जोडलेला यांत्रिक हात. स्वस्त, दुरुस्तीला सोपा, पण गिअर बदलताना गाडी मान हलवते. सीव्हीटी गुळगुळीत, शांत चालवणाऱ्याला बरा. टॉर्क कन्व्हर्टर जुना आणि टिकाऊ. ड्युअल क्लच सर्वांत चपळ, पण तेलाशिवाय चालणारा कोरडा ड्युअल क्लच वाहतूक कोंडीत इंचाइंचाने सरकताना तापतो. पुण्याच्या हिंजवडीत किंवा मुंबईच्या पश्चिम द्रुतगती मार्गावर रोज दीड तास घालवणाऱ्याने तो जुन्या गाडीत घेऊ नये. इकोस्पोर्टच्या २०१३ ते २०१७ मधल्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये पॉवरशिफ्ट नावाचा ड्युअल क्लच होता. याच कुळातल्या गिअरबॉक्सच्या ग्राहक-तक्रारी ज्या पद्धतीने हाताळल्या गेल्या त्याबद्दल ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये न्यायालयाने फोर्डच्या तिथल्या कंपनीला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, आणि त्या प्रकरणात इकोस्पोर्टचाही समावेश होता. २०१७ च्या फेसलिफ्टनंतर भारतात तिला टॉर्क कन्व्हर्टर मिळाला. शिवाय फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. इकोस्पोर्ट चालवायला आजही मजेदार आहे आणि स्वस्तात मिळते, पण घराजवळ सर्व्हिस सेंटर असेल तरच तिच्या वाटेला जावे.

इलेक्ट्रिक जुन्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची आणि तिची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची. इथे इंजिनाऐवजी बॅटरीची उरलेली क्षमता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून लेखी मागावी. बाकी सगळे दुय्यम.

नवी की जुनी, या हिशेबात महाराष्ट्रात आरटीओचा कर मोठा ठरतो. वैयक्तिक पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलवर १३ ते १५ टक्के एकरकमी कर भरावा लागतो. १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर हे १ लाख ४४ हजार रुपये होतात, डिझेलवर १ लाख ६८ हजार. राज्यातल्या राज्यात जुनी गाडी घेतली की हा कर पहिल्या मालकाने भरलेला असतो. उलट, नव्या गाडीला कर्ज कमी व्याजाने मिळते, वॉरंटी पूर्ण असते आणि पहिली काही वर्षे टायर-बॅटरीचा खर्च नसतो. पाच-सहा वर्षांच्या गाडीला बहुधा घेतल्याघेतल्याच टायर लागतात, आणि १६-१७ इंची चार टायर म्हणजे तीस-चाळीस हजार रुपये. हे पैसे सौद्यातच वजा करून घ्यावेत.

नवी गाडी घेणाऱ्यानेही पिढीकडे पाहावे. नवे मॉडेल यायच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत शोरूम जुन्या साठ्यावर भरघोस सूट देते. सात-आठ वर्षे गाडी ठेवणाऱ्याला ती सूट फायद्याची. तीन वर्षांत विकणाऱ्याला नाही, कारण विकताना तिच्यासमोर त्याच नावाची नवी पिढी उभी असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची व्हेन्यू आली, तीही ह्युंदाईच्या तळेगावच्या कारखान्यातून. तिच्यामुळे आधीच्या व्हेन्यूचे तेच झाले. जानेवारीत मिळणाऱ्या ‘डिसेंबर ऑफर’च्या गाडीचा उत्पादन महिना फॉर्म २२ वर पाहून घ्यावा. नोंदणी नव्या वर्षाची असली तरी पुढचा गिऱ्हाईक उत्पादनाचे वर्षच धरतो. अगदी पहिल्या खेपेतली नवी पिढी घ्यायची घाईही नको. सॉफ्टवेअरची दुखणी पहिल्या वर्षभरात बाहेर येतात आणि दुरुस्त होतात.

जुनी गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे आणि आधी चालू करून ठेवू नका असे सांगावे. थंड इंजिन लपवाछपवी करत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही जाड पांढरा धूर टिकला तर कूलंट आत जाते आहे. मग बॉनेट उघडावे. बॉनेटच्या बिजागऱ्या आणि पुढचे फेंडर यांच्या बोल्टवरचा रंग कारखान्यातून आलेला असतो. त्याच्या कडा पान्याने खरवडल्या असतील तर तो भाग उघडलेला आहे. नुसता फेंडर बदलला असेल तर हरकत नाही, तो शहरात कोणाचाही होतो. खरी भीती कवचाची. वेगळ्या चासीच्या गाडीत बॉडी बदलता येते, इथे बॉडी हीच चासी. म्हणून दरवाजाचे रबर ओढून खालची किनार पाहावी: कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतराने असतात. ते पुसट, वेडेवाकडे किंवा पुटीखाली गेलेले असतील तर खांब कापून जोडला आहे. डिकीतला स्टेपनीचा कोनाडा हातोडीने ठोकून सरळ केला आहे का, तेही तिथेच कळते. काचांच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते; पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी, तर त्या बाजूने मार बसला असावा. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. मीटर २५ हजार दाखवत असेल आणि २०२१ च्या गाडीला २०२४ चे टायर असतील तर मीटर मागे फिरवला आहे का, ही शंका रास्त. ब्रेकच्या पेडलचे गुळगुळीत झालेले रबर आणि झिजलेले स्टिअरिंग मीटरपेक्षा खरे बोलतात.

किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो, म्हणजे एअरबॅग एकदा फुटून गेल्या असण्याची आणि जागी नवीन बसवलेल्या नसण्याची शक्यता असते. असल्या गाडीवर आणखी वेळ घालवू नये.

पुरात सापडलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडला हजारो वाहने पाण्याखाली गेली. अशी वाहने धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जातात, कारण तिथल्या गिऱ्हाइकाला पुराची आठवण नसते. सीटचे कापड बदलता येते; बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्ट्यातली गाळाची रेघ मात्र तशीच राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि एसी लावल्यावर येणारा कुबट वास हेही त्याच रोगाचे लक्षण. पूर बघितलेली गाडी चालते, पण तिची वायरिंग वर्षभरात कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

एवढे झाल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन नोंदी मागाव्यात आणि स्कॅनर लावून घ्यावा. मालकाला विम्याची चालू पॉलिसी मागावी. तिच्यावरचा नो क्लेम बोनस सलग क्लेमविरहित वर्षांनी २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. पाच वर्षांची गाडी, एकच मालक, ‘खरचटलेलीसुद्धा नाही’ असे वर्णन आणि पॉलिसीवर बोनस शून्य, असा मेळ बसत नसेल तर अलीकडे क्लेम घेतलेला असण्याचीच शक्यता जास्त. हा बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत तो नव्या मालकाला मिळत नाही. ‘बोनससकट देतो’ म्हणून किंमत वाढवणाऱ्याचे ऐकू नये.

कागदांत वाहन पोर्टलवर मालकाचा क्रमांक, बँकेचा बोजा, विमा आणि थकलेले ई-चलान दिसते. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातून आणायची तर तिथल्या आरटीओचा फॉर्म २८. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये निर्बंध आणल्यापासून डीएल पासिंगच्या डिझेल एसयूव्ही स्वस्तात देशभर पसरल्या. त्यांत चांगल्या गाड्याही आहेत, पण महाराष्ट्रात नोंदणी करताना इथला कर पुन्हा भरावा लागतो आणि कागदांत महिने जातात. स्वस्ताईतला मोठा भाग तिथेच संपतो. २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, हेही पाहावे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर येतो. २०१५ च्या क्रेटासाठी तो मुक्काम २०३० मध्ये आहे, हे किंमत ठरवताना लक्षात ठेवावे.

पैसे देऊन गाडी घरी आणली तरी आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक जुनाच असतो. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. खरेदीदाराच्या बाजूनेही धोका तेवढाच: तिऱ्हाइताच्या नुकसानीचे विमासंरक्षण गाडीसोबत येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे येत नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी.